घाम, कूलर आणि कडुनिंब : नागपूरचे शहर आपल्या शरीराशी कसे वागते

नमस्कार. माझ्या मागे जो पत्र्याचा कूलर दिसतो आहे, त्याचा मूळ रंग कोणता होता हे आमच्या घरात आता कोणालाच आठवत नाही. नागपूरकराला कूलर म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. मार्च महिन्यात रस्त्याच्या कडेला वाळ्याच्या ताट्या विकायला आल्या, की उन्हाळा आला असे आपण धरून चालतो. आज मात्र मी हा कूलर तुमच्यासमोर उघडणार आहे, कारण शहराचे वातावरण आपल्या प्रकृतीवर कसा परिणाम करते हे या एका यंत्रावरून जितके स्वच्छ कळते, तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच कळेल.

खालच्या टाकीतले पाणी पंपाने वर चढते आणि ताट्यांवरून झिरपते. पंखा बाहेरची कोरडी हवा या ओल्या ताट्यांमधून आत ओढतो, त्या वेळी थोडे पाणी वाफ होऊन जाते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते हवेतूनच घेत असल्यामुळे आत येणारी हवा गार होते. आपले शरीर नेमके हेच करते. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. यातला ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जो घाम नुसता टपकून पडतो, तो शरीरातले पाणी आणि मीठ नेतो, पण गारवा देत नाही.

त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल, तर शरीराची उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ४५ अंशांवर गेली, की हा प्रवाह उलटतो, बाहेरची उष्णता आत येऊ लागते आणि शरीरापाशी घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. त्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते, म्हणून हृदय अधिक वेगाने काम करते. पाणी कमी पडले तर मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा घटतो. उन्हाच्या दिवसांत ज्यांची प्रकृती ढासळते, त्या सर्वांनाच उष्माघात झालेला नसतो. अनेकांचा हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार त्या ताणाने उसळतो, आणि म्हणूनच उन्हाने किती माणसे गेली याची मोजदाद नेहमी अपुरी राहते.

शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा माणसाला सावलीत घेऊन, कपडे सैल करून, अंगभर पाणी ओतून जोराचा वारा घालावा आणि लगेच रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी मात्र घालू नये. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे माझी आजी शेवटपर्यंत सांगत असे. कांद्याने ऊन टळते याला आधार नाही. मात्र जो कांदा आठवणीने ठेवतो, तो बहुधा डोक्याला दुपट्टाही बांधतो आणि पन्हे पिऊनच बाहेर पडतो, त्यामुळे आजीशी मी कधी वाद घातला नाही.

आता आकड्यांकडे येऊ. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो आकडा घरोघरीच्या मोबाइलवर फिरला. सेन्सरमधल्या बिघाडामुळे तो आला होता, असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. आकडा चुकीचा होता, तरी तो अनेकांना खरा वाटला, आणि यामागे एक कारण आहे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पांढऱ्या लाकडी पेटीत, म्हणजे सावलीत ठेवलेला असतो. भर दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर सिग्नलला थांबलेला दुचाकीस्वार त्या पेटीत बसलेला नसतो. त्याच्या डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेला रस्ता आणि शेजारी बसचे इंजिन असते.

दुपारपेक्षाही मला रात्रीची काळजी अधिक वाटते. मे महिन्यात रात्री दहा वाजता आपल्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीला तळहात लावून पाहा. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, तरी भिंत गरम असते. सिमेंट दिवसभर उष्णता साठवते आणि ती रात्रभर सावकाश सोडत राहते. त्यात शेजाऱ्यांच्या एसीने खोलीतली उष्णता बाहेर टाकलेली असते. दिवसभर ताणलेल्या हृदयाला विसावा मिळण्याची वेळ हीच असते, आणि तोच विसावा हिरावला जातो. पूर्वी संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतून, वाफा निवल्या की अंथरुणे टाकली जात. तेही पाण्याची वाफ करून गारवा मिळवण्याचेच तंत्र होते.

झाड हेच काम न सांगता करते. मुळांनी ओढलेले पाणी ते पानांवाटे वाफेच्या रूपाने सोडते, म्हणून कडुनिंबाची सावली आणि पत्र्याची सावली सारखी नसते. सिव्हिल लाइन्स किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडीच्या रस्त्याने येऊन इतवारी, गांधीबाग, मोमिनपुऱ्याच्या दाट वस्तीत शिरणाऱ्याला हा फरक अंगावर जाणवतो. एकाच शहराचे हे दोन उन्हाळे आहेत, आणि पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्याच्या वाट्याला त्यांतला कडक उन्हाळा येतो. चौकात सिग्नलपाशी सावलीसाठी उन्हाळ्यापुरती बांधलेली हिरवी नेट मला हास्यास्पद वाटत नाही, दीड मिनिट थांबणाऱ्याला तिचा उपयोग होतो. पण रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून मुळांकडे जाणारे पाणी अडवायचे आणि वर नेट बांधायची, हा व्यवहार मला कळत नाही.

जी जमीन वाफ सोडू शकत नाही, ती पाणीही मुरवू शकत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी आसपासच्या वस्त्यांमधल्या घरांत शिरले. नाग नदीत सांडपाणी मिसळलेले असते, त्यामुळे पूर ओसरल्यावर उरणाऱ्या चिखलातून अतिसार, त्वचेचे विकार आणि लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका राहतो. पूर आणि उष्मा हे आपल्याला वेगवेगळ्या ऋतूंचे प्रश्न वाटतात, पण ते एकाच बांधीव जमिनीतून निघतात.

कूलर चालतो विजेवर, आणि कोराडी व खापरखेडा येथील कोळशावरची वीजकेंद्रे शहराच्या उत्तरेला लागूनच आहेत. गंमत अशी, की आपल्या शहराचे दररोज कोट्यवधी लिटर सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध करून कोराडी-खापरखेड्याला देण्याची व्यवस्था आहे. तेथे ते यंत्रणा थंड करण्यासाठी वापरले जाते, आणि शीतक मनोऱ्यांतून त्यातल्या बऱ्याचशा पाण्याची वाफ होते. म्हणजे तोही एक प्रचंड कूलरच झाला. पाण्याचा हा पुनर्वापर चांगलाच आहे. पण कोळशाचा धूर आणि राख, वाहने, बांधकामाची धूळ आणि पेटलेला कचरा यांतून येणारे सूक्ष्म कण हवेत राहतात. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान कण. ते फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात आणि दम्याइतकाच हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचाही धोका वाढवतात. वर्षाच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि धूर खालीच कोंडतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी ऊन थोडे वर आल्यावर निघावे, असे मी सुचवेन.

आता हा कूलर उघडतो. टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर ही ओल दिसते आहे ना, तेथेच डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी घालते. बाहेर ४५ अंश असताना डबक्यातल्या अळ्या जगणे कठीण असते. परंतु बाष्पीभवनामुळे कूलरच्या टाकीतले पाणी गार राहते, वरून झाकण, आत सावली, आणि रोज नव्या पाण्याची भर. आपण स्वतःसाठी तयार केलेला गारवा डेंग्यूच्या डासालाही तितकाच मानवतो, आणि हा डास दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करण्यास सांगितले जाते. मीही अनेक वर्षे केवळ पाणी ओतून टाकत होतो. त्याने अळ्या जातात, भिंतीला चिकटलेली अंडी जात नाहीत.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, की हवेत ओलावा वाढतो, ताट्यांवरचे पाणी वाळेनासे होते आणि कूलर निरुपयोगी ठरतो. त्याच कारणाने घामही वाळत नाही, त्यामुळे ३६ अंशांचा दमट दिवस कष्ट करणाऱ्याला ४३ अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा जड जाऊ शकतो, आणि पारा उतरला म्हणून पाणी पिणे कमी करण्याचे कारण नसते. आपण मात्र कूलर पुसून माळ्यावर टाकतो. एडिसची वाळलेली अंडी कित्येक महिने तशीच टिकतात आणि पुढच्या मार्चमध्ये पहिली बादली ओतली, की फुटतात. त्यामुळे या वर्षी कूलर वर चढवण्यापूर्वी ताट्या फेकून द्या, टाकीच्या चारही कडा साबण आणि काथ्याच्या ब्रशने खरखरीत घासा, आणि टाकी दोन दिवस कडक उन्हात उलटी ठेवा.