गीझर मालकाचा, तर अर्थिंगही मालकाचं

नमस्कार श्रोतेहो. घर दाखवताना मालक आवर्जून सांगतात, "गीझर आहे हं!" त्याला अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी वायर, आहे का, हे मात्र ते सांगत नाहीत आणि आपणही विचारत नाही.

भाड्याच्या एका फ्लॅटमधली गोष्ट सांगते. बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. मालकानं आधी प्लंबर धाडला, त्यानं नळ बदलला. झिणझिण्या तशाच. मग वायरमन आला. बघतो तर सॉकेटला अर्थिंगची वायरच नाही! मेन बोर्डापासून नवी वायर ओढायची म्हणजे भिंत फोडणं आलं. त्यानं काय केलं? सॉकेटमधल्या न्यूट्रलपासून, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरपासून, अर्थिंगच्या टर्मिनलला वायरचा इंचभर तुकडा जोडला. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प धरला, अर्थिंग ठीक असल्यासारखा दिवा लख्ख पेटला. झिणझिण्या थांबल्या, सगळे खूश.

काही महिन्यांनी बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन वायर सुटली. पाणी तापेना. पण फेज कॉइलमधून न्यूट्रलच्या टोकाला आला, तिथून त्या तुकड्यावाटे गीझरच्या बॉडीवर आणि लोखंडी पाइपातून नळावर. भाडेकरूचा हात झटक्यानं फेकला गेला, म्हणून जीव वाचला. बोर्डातला एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडला नाही. तो १६ अँपिअरचा, त्याहून जास्त करंट गेला तरच पडणारा. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो.

पुन्हा सांगते, न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करून, सॉकेटचं न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेलं आहे का, हे वायरमनला मल्टिमीटरनं तपासायला लावा. बीप वाजला तर तसा तुकडा तिथे असू शकतो.

मालकांनो, प्रत्येक नव्या भाडेकरूआधी तुम्ही रंग काढता. त्याच वेळी बोर्ड उघडून स्क्रू आवळून घ्या. २,००० वॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच बंद होणारा स्विच, बसवा. वीज चालू असताना त्याचं टेस्ट बटण दाबलं की तो पडलाच पाहिजे. नाही पडला, तर बदला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाकडे येतं. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्यानं वाजवी वेळेत काम केलं नाही, तर भाडेकरू ते करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र हे गृहीत धरू नका. गीझर, अर्थिंग आणि आरसीसीबीची दुरुस्ती मालकाकडे, हे सहीआधीच करारात लिहून घ्या.