‘वर्षा’ नावाचा बंगला

श्रोतेहो, नमस्कार. १ जुलै हा दिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो, तो वसंतराव नाईक यांच्या जयंतीनिमित्त. त्यांच्या कारकिर्दीविषयी मुंबईत बोलायचे तर मलबार हिलवरून सुरुवात करणे मला उचित वाटते. १९५६ साली मंत्री म्हणून मुंबईत आलेल्या नाईकांनी तेथे मिळालेल्या बंगल्याचे जुने नाव बदलून ‘वर्षा’ असे ठेवले, आणि मुख्यमंत्री झाल्यावरही तो न सोडल्यामुळे तोच पुढे मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान ठरला. ज्या शहरात पाऊस म्हटले की पहिली आठवण तुंबलेल्या रुळांची होते, तेथे घराला पावसाचे नाव देणारा माणूस कोरडवाहू मुलखातलाच असणार.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुली गावी, शेती करणाऱ्या बंजारा कुटुंबात, १९१३ साली त्यांचा जन्म झाला. नागपूरला कायद्याचे शिक्षण, वकिली, पुसदचे नगराध्यक्षपद आणि १९५२ मध्ये त्यावेळच्या मध्य प्रदेशची विधानसभा, असा त्यांचा प्रवास झाला. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ एवढा दीर्घकाळ ते मुख्यमंत्री होते.

या काळातील त्यांचा सर्वांत मोठा आग्रह संकरित बियाण्यांचा होता. संकरित ज्वारीचा उतारा देशी वाणापेक्षा कितीतरी अधिक, हे शेतकऱ्याला दिसत होते. परंतु भाकरीला ती चव नाही, ताटे बुटकी असल्याने कडबा कमी पडतो आणि कापणीच्या वेळी पाऊस आला की कणसे काळी पडतात, या तक्रारीही खऱ्याच होत्या. ज्याच्या दावणीला बैल आहेत, त्याच्या दृष्टीने कडबा हा धान्याइतकाच हिशेबाचा विषय असतो. तरीही धान्यटंचाईच्या त्या वर्षांत आधी पोटाला दाणा, हा नाईकांचा क्रम मला चुकीचा वाटत नाही. राज्याची चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत, १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. त्याच काळात नरिमन पॉइंटच्या भरावावरून या शहरात वादही झाले, हे मुंबईकराने विसरू नये.

मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, आणि शेतकरी व शेतमजूर एकाच रांगेत खडी फोडू लागले. मदत वाटण्याऐवजी मागेल त्याला काम द्यावे, ही विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना. तिला सरकारी योजनेचे रूप नाईकांच्या काळात मिळाले. रस्ते, पाझर तलाव, बंडिंग म्हणजे शेतांची बांधबंदिस्ती, अशी कामे त्यातून निघाली. या रोजगार हमीला कायद्याचा आधार मिळून तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच वर्षी १८ ऑगस्टला सिंगापूर येथे नाईकांचे निधन झाले.

दुष्काळी गावातील त्या मजुरीचा भार शहरानेही उचलावा, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. श्रोतेहो, आपल्यापैकी जे नोकरदार आहेत, त्यांच्या पगारपत्रकावर तो आजही असतो: दरमहा २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००.