अरण्य उलटं का टांगलं?

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीतल्या कलोन शहरात म्युझियम लुडविग आहे. तिथल्या एक्स्प्रेशनिस्ट, म्हणजे मनातली भावना थेट रंगरेषांत मांडणाऱ्या, चित्रांचा गाभा योसेफ हाउब्रिख या वकिलाने १९४६ साली शहराला दिला. नाझींनी ज्या चित्रकारांना ‘अवनत’ ठरवलं, त्यांचीच चित्रं हा माणूस जमवत आणि जपत राहिला. त्या काळात हे सोपं नव्हतं.

या संग्रहात एर्न्स्ट लुडविग किर्शनरने १९११ मध्ये रंगवलेली, हॅट घातलेली एक अर्धनग्न तरुणी आहे. चित्राजवळ गेलात तर दिसेल, देहाला घडीव गोलाई जवळजवळ नाहीच. सपाट रंग आणि भोवती ठाम रेषा. तरी ती बाई जिवंत वाटते. किर्शनर आणि त्याचे मित्र वास्तुकलेचे विद्यार्थी. १९०५ मध्ये ड्रेसडेनला त्यांनी ‘ब्र्युके’ हा गट काढला. मनात उसळलेलं थेट रंगात उतरवता येतं, यावर त्यांची श्रद्धा होती. पुढे पहिल्या महायुद्धाने किर्शनर खचला. १९३७ मध्ये त्याची ६०० हून अधिक चित्रं, रेखाटनं आणि छापचित्रं जर्मन संग्रहालयांतून जप्त झाली आणि १९३८ मध्ये त्याने आत्महत्या केली.

आता त्याच म्युझियममधलं गेओर्ग बाझेलिट्सचं १९६९ सालचं अडीच मीटर उंच चित्र पाहा. अरण्य, पण उलटं. बुंधे वरून खाली लोंबतात. चित्र पूर्ण करून फिरवलेलं नाही, ते रंगवलंच उलटं. बाझेलिट्सचा जन्म १९३८ चा, सॅक्सनीतला. लहानपणी नाझी राजवट, मग कम्युनिस्ट राजवट. १९५७ मध्ये पूर्व बर्लिनच्या कला अकादमीने त्याला काढून टाकलं, तेव्हा तो पश्चिमेकडे आला.

बाझेलिट्सच्या पिढीच्या चित्रशैलीला नव-एक्स्प्रेशनिझम म्हणतात. ती म्हणजे जुन्या एक्स्प्रेशनिझमचीच मोठ्या कॅनव्हासवरची आवृत्ती, असं बरेचदा ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. किर्शनरला आकृतीवर भरवसा होता. बाझेलिट्सच्या पिढीला तसा भरवसा ठेवणं शक्यच नव्हतं, कारण जर्मन अरण्य, जर्मन शेतकरी, जर्मन वीर या साऱ्या प्रतिमा प्रचाराने नासवल्या होत्या. झाड उलटं केलं की आपण आधी रंगाचे फटकारे पाहतो, झाड नंतर.

पुढच्या दशकांत बाझेलिट्सची ही युक्ती कधी कधी सवयीची झाली, हे मान्य. या १९६९ च्या चित्रात मात्र ती अजून गरज आहे.