बिनशब्दांचं फिटरकाम

[कात्रीचा आवाज. मग हात.]

ही नखं कापायची कात्री. टोकाला वाकलेली. फोटोतल्या माणसाच्या कानामागून वळायचं तर हीच चालते, असं आण्णांचं म्हणणं.

सांगलीच्या गावभागातली ही माडी. आण्णांनी एका ऑफसेट प्रेसमध्ये पेस्टिंग केलं. ब्रोमाइडच्या, म्हणजे मजकूर उतरवलेल्या फोटो-कागदाच्या, पट्ट्या कापायच्या, रबर सोल्यूशन लावून पानावर ओळीत बसवायच्या. कॉम्प्युटर आला, ते काम गेलं. हाताची सवय राहिली. आता आण्णा छायाचित्रं कापतात, एकमेकांत जुळवून नवं चित्र करतात. फोटोमोंटाज.

[जुनी छायाचित्रं. बर्लिन.]

पहिल्या महायुद्धात जर्मनीत इंग्लंडच्या नावानं बोटं मोडली जात होती, तेव्हा १९१६ साली हेल्मुट हर्त्सफेल्डनं मुद्दाम इंग्रजी नाव घेतलं. जॉन हार्टफील्ड. हाही फोटोमोंटाज करणारा. तो आणि त्याचे सोबती स्वतःला मोंटॉर म्हणवत. जर्मनमध्ये मोंटॉर म्हणजे फिटर. किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे, तिथं हे आणखी फोड करून सांगायला नको. १९३२ साली त्यानं हिटलरच्या छातीचा एक्स-रे जुळवला. मणक्याच्या जागी नाणी रचलेली.

त्या चित्राखाली एक ओळ होती. आण्णा ओळही लिहीत नाहीत. “जन्मभर दुसऱ्याचेच शब्द चिकटवले,” म्हणतात.

शब्दांवाचून भागतं, हे ब्रिटिश कलाकार पीटर केनर्डनं १९८० साली दाखवलं. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलच्या १८२१च्या चित्रातली ओढ्यातली गाडी घेतली, तीत क्रूझ क्षेपणास्त्रं भरली. घोडे तेच, झाडं तीच.

[टेबलावर पुराचं छायाचित्र. छपरांवर माणसं.]

आता हे बघा. ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७च्या वर. त्या पुराचं खापर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर फोडायचं की पावसावर, हा वाद सांगलीत अजून चहाच्या गाड्यावर चालतो. आण्णांना त्या पाण्यात एक जहाज सोडायचं आहे. परदेशी मासिकातलं, सहलीचं. वर पोहण्याचा तलाव, खुर्च्यांवर पहुडलेली माणसं.

आधी माप. जहाज लहान पडलं, म्हणून झेरॉक्सवर मोठं केलं. मोठं केल्यावर छपाईचे ठिपके फुटले. मग पुराचा फोटोही दोनदा झेरॉक्समधून काढला. आता दोन्हींचे ठिपके सारखे. कडेला कागदाची पांढरी रेघ दिसते, ती काळ्या पेन्सिलीनं मारायची. पाण्याची रेषा सगळ्यात अवघड. जहाज पाण्यावर ठेवून जमत नाही, ते पाण्यात बुडालेलं दिसायला हवं. त्यासाठी पुराचाच एक तुकडा फाडून जहाजाच्या पोटावर चढवला. कापून नाही, फाडून. लाट सरळ कापली जात नाही.

अडलं ते उन्हाशी. पुराच्या दिवशी आभाळ भरलेलं, कशालाच सावली नाही. जहाजावर मात्र लख्ख ऊन. प्रेसमध्ये असा फोटो कुणी चालवून घेतला नसता. आण्णांनी दोन दिवस तो मंद करून पाहिला. मग मूळचाच उचलून लावला. आभाळ छपरावरच्या माणसांकडे, ऊन जहाजावर. बघणाऱ्याला आधी हे कळत नाही. नुसतं काहीतरी खुपतं.

[घाटाजवळची भिंत.]

चित्र इथं लावलं. चौथ्या दिवशी कुणीतरी उतरवलं.

[एक आजी चित्रापुढे. जहाजाच्या खाली, पाण्यात, बोट टेकवते.]

[निवेदन नाही.]