कॅलेंडरवरचा कुत्रा

(संगणकाचा पडदा, कीबोर्डवर बोटं)

अमेरिकेतल्या एका वेबसाइटवरचा हा अर्ज, 'सर्व्हिस डॉग' म्हणजे अपंगांच्या मदतीचा कुत्रा म्हणून नोंदणीचा. कुत्र्याचं नाव, जात, वजन. नाव सुचलं ते टाकलं, वजन अंदाजपंचे. फोटो मागितला तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरचा जुलै महिना कामी आला. खाली एक चौकट: 'माझा कुत्रा प्रशिक्षित आहे.' टिचकी मारली, पैसे भरले. अपंगत्व कोणतं, कुत्रा नेमकं काय करतो, हे कुणी विचारलं नाही.

(लिफाफा फाडणारे हात)

आणि हे टपालाने आलेलं कार्ड. उजेडात जरा तिरकं धरलं की शिक्का चमकतो. नोंदणी क्रमांक आहे, गळ्यात अडकवायला दोरी आहे. लाल जॅकेट हवं तर वेगळे पैसे. जुलै महिन्यातला कुत्रा 'सर्टिफाइड सर्व्हिस डॉग' झाला!

या कार्डाला कायद्यात काडीची किंमत नाही. 1990 च्या 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट'नुसार, अपंग माणसासाठी ठरावीक काम करायला शिकवलेला कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग. संस्थेने शिकवलेला असो, की मालकाने घरी. नोंदणीची सक्ती नाही, जॅकेटचीही नाही. असल्या ऑनलाइन कागदांनी कोणताही हक्क मिळत नाही, हे तिथल्या न्याय खात्याने सांगून ठेवलंय.

(दुकानाचं काचेचं दार)

दारातल्या कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारता येतात. अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का? आणि तो काय काम करायला शिकलाय? कागद दाखवा म्हणायचं नाही, काम करून दाखवा म्हणायचं नाही, आजाराची चौकशी तर मुळीच नाही. हे मुद्दाम असं ठेवलंय, आणि आम्हाला ते पटतं. व्हीलचेअरवरच्या माणसाकडे आपण दारोदार खुर्चीचा परवाना मागतो का? पण कायदा कागद मागत नाही, नेमक्या त्याच आडोशाला कागद विकणाऱ्यांनी दुकान थाटलं.

(जुनं छायाचित्र: तरुण आणि जर्मन शेफर्ड)

हा मॉरिस फ्रँक, नॅशव्हिलचा. दोन्ही डोळ्यांनी अंध. 1928 साली, विसाव्या वर्षी, तो स्वित्झर्लंडला गेला आणि अंधाला वाट दाखवायला शिकलेल्या या बडीला घेऊन परतला. न्यूयॉर्कच्या भर रहदारीचा रस्ता तिच्या जोरावर पत्रकारांदेखत ओलांडला. पुढच्याच वर्षी असे कुत्रे शिकवणारी 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. बडीला आत घ्या म्हणून त्याला रेल्वेशी, हॉटेलांशी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आजची दारं त्यातून उघडलीत.

(प्रशिक्षण केंद्र. फरशीवर मांसाचे तुकडे, काळा लॅब्रेडोर)

आता याच्या नाकाकडे बघा. किंचित वळलं… परत सरळ. पाय थांबले नाहीत. एवढ्या एका गोष्टीमागे वर्षाहून जास्त काळ आहे. पिल्लू असताना हा एका स्वयंसेवकाच्या घरी वाढला. जिने, गर्दी, फटाक्यांसारखे आवाज, सगळं तिथे अंगवळणी पडलं. मग केंद्रात काही महिने. हार्नेस चढवला की काम, उतरवला की खेळ.

सगळ्यात अवघड धडा हा. हुकूम येतो, 'पुढे.' डावीकडून गाडी येतेय, जवळजवळ आवाज न करता. कुत्रा हलत नाही. पुन्हा 'पुढे.' तो जागचा ढळत नाही. एरवी प्रत्येक हुकूम पाळणाऱ्याला इथे तो मोडायला शिकवलंय. सगळ्यांना हे जमत नाही. न जमणारे आनंदाने कुणाच्या घरी पाळीव म्हणून जातात.

दुःस्वप्नातून माजी सैनिकाला जागं करणारा कुत्राही सर्व्हिस डॉगच. नुसता जवळ बसून धीर देणारा मात्र या व्याख्येत बसत नाही. 2021 पासून विमान कंपन्या अशा कुत्र्यांना पाळीव प्राण्यांत धरू शकतात.

(सुपरमार्केट. ट्रॉलीत लाल जॅकेटातला छोटा कुत्रा, भुंकतोय)

जॅकेट तेच, शिक्काही तसाच. खरं तर कुत्रा बेकाबू झाला आणि मालक त्याला आवरत नसेल, किंवा त्याने आत घाण केली, तर 'बाहेर न्या' म्हणायचा हक्क दुकानाला आहे. कार्ड असो, नसो. मालकाला एकट्याने खरेदी करू द्यायची, एवढंच. पण हे ठाऊक नसलं की कर्मचारी एक तर गप्प बसतो, नाही तर पुढच्या प्रत्येकाकडे कार्ड मागतो. फ्लोरिडात सर्व्हिस डॉग असल्याच्या खोट्या बतावणीला 60 दिवसांपर्यंत कैद आणि 500 डॉलरपर्यंत दंड आहे.

असा न शिकवलेला कुत्रा अंगावर आला, तर घाबरलेला गाइड डॉग, म्हणजे अंधाला वाट दाखवणारा कुत्रा, कधी कधी कामालाच मुकतो.

(टेबलाखाली निजलेला काळा लॅब्रेडोर. शेजारी पांढरी काठी. काही क्षण निवेदन नाही.)

(पुन्हा संगणकाचा पडदा)

आमच्या कार्डाची मुदत एक वर्षाची होती. जुलैचं पान केव्हाच उलटलं. नूतनीकरणाची ईमेल मात्र वेळेवर आलीय, कुत्र्याच्या नावाने.