फोम निवडताना

पेट्रोल पेटलंय आणि त्यावर पाणी मारलं, तर पाणी खाली जातं. पेट्रोल वर तरंगतं आणि पेटतं तसंच पसरत जातं. आग विझवण्याच्या फोमचा फेस मात्र वर राहतो, वाफ कोंडून धरतो, आणि त्यातून झिरपणारं पाणी पृष्ठभाग थंड करतं.

फोमच्या कॅनवर लिहिलेलं ‘३ टक्के’ म्हणजे ९७ लिटर पाण्यात ३ लिटर कंपाउंड, म्हणजे कॅनमधला मूळ द्रव. त्यावरून फोमचा दर्जा कळत नाही. खरेदीआधी एवढंच बघायचं, की आपल्या हद्दीत जळण्यासारखं काय आहे?

लाकूड, कागद, कापूस, गवत असेल तर ‘ए’ वर्गाचा फोम. तो ०.१ ते १ टक्का इतकाच लागतो. त्यानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि पाणी गंजीच्या आत मुरतं. पेट्रोल-डिझेलसाठी ‘बी’ वर्ग.

पण इथेनॉल, ॲसिटोन? हे द्रव पाण्यात मिसळतात. साध्या फेसातलं पाणी ते ओढून घेतात आणि फेस बघता बघता मोडतो. तिथे अल्कोहोलला टिकणारा फोम हवा. त्यातलं पॉलिमर द्रवावर चिकट पापुद्रा धरतं. उलटलेल्या टँकरमध्ये काय आहे, हे पोहोचेपर्यंत कळेलच असं नाही. म्हणून ‘बी’ वर्गाचा एकच साठा परवडत असेल, तर आमच्या मते तो हाच असावा.

आता अवघड भाग. १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेनं एएफएफएफ हा ‘बी’ वर्गाचा फोम विकसित केला. पेट्रोलवर पाण्याचा पातळ थर पसरवून तो झपाट्यानं आग दाबतो. ही करामत फ्लोरिनयुक्त रसायनांची, म्हणजे पीफासची. कार्बन-फ्लोरिनचा बंध निसर्गात सहजी तुटत नाही, त्यामुळे सरावात वाहून गेलेला फोमसुद्धा भूजलात साठून राहतो. निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आवर घालणाऱ्या स्टॉकहोम करारात यातलं पीएफओएस २००९ मध्ये आलं, पीएफओए २०१९ मध्ये. पीएफओएमुळे माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ मध्ये जाहीर केलं.

फ्लोरिनविरहित फोम आता मिळतात. ते पाण्याचा थर धरत नाहीत, सगळी मदार फेसाच्या जाड थरावर. म्हणून नोझलमध्ये हवा नीट मिसळली पाहिजे, आणि फेस आगीत खुपसायचा नाही, अलगद पसरवायचा. काही कंपाउंड इतकी घट्ट असतात, की जुना इंडक्टर, म्हणजे पाण्यात कंपाउंड ओढून मिसळणारं साधन, ती पुरेशी ओढतच नाही. विक्रेत्याचं प्रात्यक्षिक त्याच्या साहित्यावर होतं. चाचणी आपल्याच गाडीवर घ्या. जुनी टाकी न धुता नवा फोम भरला, तर पीफास त्यातही उतरतं. दोन कंपन्यांचे फोम एका टाकीत ओतणं तर टाळाच.

शेवटी साठ्याचा हिशेब. सांडलेल्या पेट्रोलवर एएफएफएफ मारायचा, तर एनएफपीए ११ या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे चौरस मीटरला मिनिटाला ४.१ लिटर द्रावण, १५ मिनिटं. १०० चौरस मीटरला झालं ६,१५० लिटर. ३ टक्क्यांनी कंपाउंड साधारण १८५ लिटर, म्हणजे २० लिटरचे नऊ कॅन रिकामे करून दहावा फोडायचा. फ्लोरिनविरहित फोमचा दर त्याच्या प्रमाणपत्रात बघा. तो याहून जास्त असू शकतो.