सांध्याची रेघ

[दृश्य : बोगमाळो. पाऊस नुकताच थांबलेला. सी हॅरियरच्या पंखावरून ओघळणारे पाणी.]

गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उभे असलेले हे सी हॅरियर, नौदलाचे लढाऊ विमान. १९८३ च्या डिसेंबरात या जातीची पहिली विमाने दाबोळीच्या धावपट्टीवर उतरली आणि २०१६ च्या मे महिन्यात तिथूनच त्यांना निरोप देण्यात आला. कॅमेरा जवळ नेला, की पत्र्यांमधल्या बारीक फटी आणि त्यांच्या कडेने ओळीत बसवलेले रिव्हेट दिसू लागतात. मात्र नाकापासून शेपटीपर्यंत, पाठीच्या मधोमध, सुरीने कापल्यासारखी सलग रेघ या विमानावर कुठेही नाही. आपल्याला पुढे काम करायचे आहे ते त्या नसलेल्या रेघेवर.

[दृश्य : वास्कोतील एका घरातले टेबल. उघडलेला खोका. खिडकीबाहेर पाऊस.]

संग्रहालयापासून फार दूर नसलेल्या या घरात तेच विमान बहात्तर पटींनी लहान होऊन, सुटे भाग जोडून करायच्या प्लॅस्टिक मॉडेलच्या रूपात आले आहे. साडेचौदा मीटरचे मूळ विमान येथे वीस सेंटिमीटरचे आहे, आणि त्याचे धड भुईमुगाच्या शेंगेसारखे डावे आणि उजवे अशा दोन टरफलांत निघते. ही टरफले जोडली, की पाठीवर आणि पोटाखाली एक रेघ उरते. रंग कितीही सुबक दिला तरी ती लपत नाही, उलट चकचकीत रंगाखाली ती अधिकच उठून दिसते. ती जाते की राहते, हे कोणता गोंद घेतला आणि तो कसा लावला यावर ठरते.

गोंद या शब्दाने येथे थोडी फसगत होते. कागदाचा किंवा लाकडाचा गोंद दोन पृष्ठभागांच्या मध्ये राहून दोघांना धरून ठेवतो. मॉडेलचा खास गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात, मध्ये राहतच नाही. किटचे भाग पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात, आणि अ‍ॅसिटोन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट यांसारखी द्रावके असलेले हे सिमेंट त्या प्लॅस्टिकचा वरचा पातळ थर विरघळवते. दोन्ही कडांचे मऊ झालेले प्लॅस्टिक एकमेकांत मिसळते, द्रावक उडून जाते आणि मागे एकच अखंड प्लॅस्टिक उरते. वास्कोच्या गोदीत पोलादी पत्र्यांना जे वेल्डिंग होते, तेच येथे ठिणगीशिवाय होते. म्हणूनच पॉलिस्टायरीन पॉलिस्टायरीनला जोडायचे असेल, तर पहिला मान सिमेंटचाच, असे आम्ही आग्रहाने सांगू.

[दृश्य : चिमट्याने सुटणारे भाग. साबणाच्या पाण्याचे भांडे. कडेवर फिरणारा पॉलिश पेपर.]

सिमेंटची बाटली उघडण्याआधी बरेच काम असते. साच्यातून भाग सहज सुटावेत म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश भागांवर राहू शकतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुतला जातो. भाग चौकटीपासून तोडताना राहिलेले बोंड घासून सपाट केले जाते. कडेवर रंग लागला असेल तर तो खरवडून काढावाच लागतो, कारण सिमेंट रंगाला विरघळवत बसते आणि त्याखालच्या प्लॅस्टिकपर्यंत नीट पोहोचत नाही. मग दोन्ही टरफले कोरडीच एकमेकांवर बसवून, उजेडासमोर धरून, फट कुठे राहते ते पाहिले जाते. या घरात मॉडेल जोडणाऱ्या मामांनी ही कोरडी जुळवणी सात वेळा केली. आम्ही मोजली.

[दृश्य : अगदी जवळून. मास्किंग टेपने बांधलेले धड. ब्रशचे टोक सांध्याला टेकते.]

आता हे पाहा. दोन्ही अर्धे भाग आधीच एकत्र धरून टेपने जागोजागी बांधलेले आहेत आणि सिमेंट त्यानंतर येते. पाण्यासारख्या पातळ सिमेंटात बुडवलेला बारीक ब्रश सांध्याच्या एका बिंदूला नुसता टेकला आहे. ब्रश पुढे ओढावा लागत नाही. दिव्याची वात जशी तेल वर खेचते, तशी ही अरुंद फट सिमेंटाला आत ओढून घेते, आणि ओलसर चमक पाठीवरून दोन-तीन सेंटिमीटर स्वतःहून धावत जाते. पुढचा स्पर्श तिच्या टोकाशी. टेपच्या पट्टीवर मात्र ब्रश कधीच टेकू दिलेला नाही, कारण टेपखाली शिरलेले सिमेंट पृष्ठभागावर पसरून तो खाऊन टाकते. बोटाचेही तसेच आहे. सांध्यावर बोट असताना सिमेंट त्याच्याखाली गेले, तर त्या बोटाचा ठसा प्लॅस्टिकमध्ये कायमचा उमटतो.

काही क्षण थांबून मामा दोन्ही बाजूंनी हलकेच दाब देतात. सांध्यातून मऊ प्लॅस्टिकची केसाएवढी कड वर येताना दिसते. ही कड येणे म्हणजे दोन्ही बाजू खरोखर मिसळल्याची खूण. ती लगेच पुसायची नाही. हात लावण्याजोगा सांधा काही मिनिटांत होतो, पण पुरता कडक व्हायला त्याला निदान एक दिवस द्यावा लागतो. अंगाने जाड सांधा असेल तर अधिक. घाईने घासलेला सांधा वरून गुळगुळीत होतो, आणि आत अडकलेले द्रावक पुढे हळूहळू बाहेर पडत राहिल्याने प्लॅस्टिक आकसते व काही आठवड्यांनी रंगाखालून तीच रेघ पुन्हा डोके वर काढते.

[दृश्य : दुसरा दिवस. पात्याने निघणारी कड. पॉलिश पेपर, पाणी.]

दुसऱ्या दिवशी पात्याने ती कड खरवडली गेली, ओल्या पॉलिश पेपरने सांधा घासला गेला, आणि पाठीवर बोट फिरवल्यावर काहीही लागले नाही.

पुढचे काम चाकांचे. हॅरियरला नाकाखाली एक, पोटाखाली एक आणि पंखांच्या टोकांजवळ दोन बारीक असे चार पाय असतात, आणि ते चारही एकाच वेळी जमिनीला टेकले पाहिजेत. येथे पातळ सिमेंट कामाचे नाही, कारण ते विचार करायला वेळ देत नाही. त्याच जातीचे, पण प्लॅस्टिक विरघळवून दाट केलेले सिमेंट सावकाश धरते, आणि तेवढ्या वेळात पाय सरळ करता येतो.

[दृश्य : काचेच्या तुकड्यावर उभे केलेले मॉडेल. समोर वाकून पाहणारा भाचा.]

“मामा, सुपर ग्लू लावला असता तर एका मिनिटात झालं नसतं का?”

“झालं असतं रे. पण चाक वाकडं बसलं असतं, तर ते तसंच राहिलं असतं.”

सुपर ग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेत बंदुकीच्या नेमदर्शकांसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हॅरी कूव्हर यांना हा पदार्थ सापडला, आणि तो ज्याला त्याला चिकटतो म्हणून बाजूला ठेवला गेला. १९५८ मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. पृष्ठभागावरच्या ओलाव्याने तो कडक होतो. जुलैत वास्कोची हवा इतकी दमट असते, की तो लावेपर्यंतच धरू लागतो. त्याची स्वतःची जागा आहे: पितळेच्या पत्र्यातून कोरलेले बारीक भाग आणि रेझिनचे तुकडे सिमेंटाने विरघळत नाहीत, तेथे सुपर ग्लू किंवा दोन नळ्यांतला मिसळून लावायचा इपॉक्सी गोंदच लागतो. दोन अर्ध्या धडांसाठी मात्र आम्ही तो घेणार नाही. त्याचा जोड ओढ सहन करतो पण धक्क्याला ठिसूळ ठरतो, आणि एकदा पुरता कडक झाला की आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कठीण होतो, त्यामुळे घासताना प्लॅस्टिक झिजते आणि रेघेचा उंचवटा तसाच राहतो.

सिमेंटातल्या या द्रावकांची वाफ डोके धरते आणि सहज पेट घेते. पाऊस आत येत असला तरी खिडकी उघडीच ठेवावी.

[दृश्य : कॉकपिटची काच चिमट्यात. तिच्यातून दिसणारा दिवा.]

शेवटी काच. गेल्या पावसाळ्यात सुपर ग्लूने बसवलेली ही दुसऱ्या विमानाची काच आहे. तिच्या आतल्या बाजूला बसलेला पांढुरका थर धुण्याने जात नाही, कारण ती गोंदाची उडालेली वाफ आहे, काचेवर कडक होऊन बसलेली. सिमेंटाचा एक थेंब ओघळला तरी पारदर्शक भागाला बारीक तडे पडू शकतात. म्हणून येथे तोच पांढरा गोंद येतो, ज्याला आपल्याकडे घरोघरी फेविकॉलच म्हणतात. टाचणीच्या टोकाने तो काचेच्या कडेला फिरवला आहे, आणि जास्त झालेला ओल्या कापसाने पुसला आहे. तो वाफ सोडून काच धुरकट करत नाही, आणि चुकले तर काच पुन्हा काढता येते. त्याला सुकायचे म्हणजे त्यातले पाणी उडून जावे लागते, आणि पावसाळ्यात ते सहजी उडत नाही.

[दृश्य : रात्र. टेबलावरचा दिवा. कडेची पांढरी रेघ. नंतर सकाळ.]

रात्री साडेनऊला काचेच्या कडेने दुधासारखी पांढरी रेघ होती. सकाळी सहाला ती निम्मी उरली होती. दुपारी दोनला ती दिसेनाशी झाली, आणि काचेतून आतली वैमानिकाची खुर्ची दिसू लागली.